बाप्पाच्या पाठीमागचं दार

लखनौच्या विधान परिषदेत ढुंढिराज मुळे यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सत्तेतले असोत की विरोधातले, सगळे त्यांना ‘दो दरवाजे वाले मास्टर साहब’ म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग आदरानं म्हणू लागले. शिक्षकांच्या मतदारसंघातून निवडून आलेला हा काशीचा मराठी मास्तर बोलायला उभा राहिला, की गाडी कुठूनही निघो, थांबायची ती दारापाशीच. चर्चा दुपारच्या खिचडीची असो नाहीतर मास्तरांच्या बदल्यांची, गुरुजी म्हणायचे, खिचडी द्या, बदल्या करा, पण आधी शाळेला दुसरं दार ठेवा. सभापती कपाळाला हात लावायचे.

पण माणूस चिकट. राज्यात कुठं शाळेत आग लागली, कुठं फाटकाशी पोरं चेंगरली, की गुरुजी मिळेल त्या गाडीनं तिथं हजर. आईबापांजवळ बसायचे, दारांच्या कड्या हलवून बघायचे, आणि परत येऊन तेच रडगाणं गायचे. अखेर सरकार कंटाळलं म्हणा की शहाणं झालं म्हणा, नियम झाला. प्रत्येक शाळेला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. शाळा चालू असताना दोन्ही उघड्या हव्यात. आणि प्रत्येक वर्गात एक सुरक्षा मॉनिटर हवा, ज्यानं धूर दिसताच आधी धावत जाऊन मागचं दार उघडायचं. ही मॉनिटरची कल्पना गुरुजींचीच. मॉनिटरला नारंगी बिल्ला द्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं होतं, कारण बिल्ला मिळाला की पोर जबाबदारीनं वागतं, हे तीस-पस्तीस वर्षं फळा पुसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता अशा माणसाच्या स्वतःच्या शाळेत, त्यानं स्वतःच्या हातानं लावलेल्या कुलपामागं एक मुलगी अडकली, याला काय म्हणायचं? मोहल्ला म्हणाला, दैव. वर्तमानपत्रं म्हणाली, निष्काळजीपणा, आणि त्याखाली मुख्याध्यापिका शरदिनी ओक यांचं नाव छापून मोकळी झाली. गुरुजींचं नाव कुठंच नव्हतं. कुलूप कोण लावतं हे ज्यांना ठाऊक होतं, ती सगळी दुर्गाघाटाची मराठी माणसं होती, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही, ही आमच्या लोकांची फार जुनी खोड.

शाळा दुर्गाघाटाच्या गल्लीत. गल्ली अशी, की मोटार तर सोडाच, समोर सांड उभा ठाकला तर आमदारालाही भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. शाळेचं पुढचं दार त्या गल्लीत उघडतं, मग एक अरुंद बोळ, बोळात बिजलीचा मीटर, आणि बोळ संपला की सभागृह. सभागृहाला मागं एक दार आहे, ते थेट घाटाच्या पायऱ्यांवर. एरवी ते उघडंच असतं, गंगेचा वारा आत येतो आणि पोरांचे कागद उडतात. फक्त गणेशोत्सवात ते बंद होतं.

कारण गणपती त्या दारातच बसतो. गुरुजींच्या आजोबांनी बसवला तेव्हापासून तिथंच. समोर सभागृहभर माणसं, पाठीमागं बंद दार, आणि त्यापलीकडे गंगा. गणपतीची पाठ कुणी पाहू नये, पाठीत दारिद्र्य असतं, असं आपल्याकडे मानतात. महाराष्ट्रात भिंतीला टेकवून मूर्ती ठेवली की भागतं. इथं मागं दार आलं, आणि दार म्हटलं की घाटावरचा कुणीही यात्रेकरू उघडून आत डोकावणार. म्हणून आजोबांनी बाहेरून कुलूप घालायची रीत पाडली. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की मुळ्यांच्या घरातला कर्ता पुरुष घाटाच्या बाजूनं जातो, पितळी कुलूप लावतो, त्याला लाल दोरा बांधतो, हात जोडतो आणि चावी घरी नेऊन देवघरातल्या तबकात ठेवतो. अनंत चतुर्दशीला तोच जाऊन उघडतो. हा मुळ्यांचा मान. काशीत मराठी माणसाला मान मिळायच्या जागा तशाही कमीच उरल्यात, त्यामुळे आहेत त्या आम्ही घट्ट धरून ठेवतो.

बरं, गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. श्रावणातच शरदिनीताई घरी आल्या होत्या. लतिकाकाकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, चहा ठेवला होता. शरदिनीताईंनी गुरुजींबरोबर त्याच शाळेत अर्धं आयुष्य शिकवलेलं, त्यामुळे आडपडदा नव्हता.

“गुरुजी, या साली बाप्पाला उजव्या भिंतीशी बसवू या का? दार मोकळं राहील. पाठांतराच्या स्पर्धेला हॉल ठसाठस भरतो. आणि नियम तर तुमचाच आहे.”

“ताई, नियम बारा महिन्यांचा आहे. बाप्पा दहा दिवसांचा पाहुणा.”

“धूर काय दिवस पाहून येतो?”

गुरुजी हसले होते. “आजोबांनी बसवलेला देव मी हलवला तर लोक काय म्हणतील? एमएलसी काय झाला, बाप्पालाच सरकवलं. पुढल्या साली पाहू.”

एवढंच. पुढल्या साली पाहू. दुसऱ्या कुठल्या शाळेच्या मॅनेजरनं हे वाक्य तोंडातून काढलं असतं, तर गुरुजींनी त्याला विधान परिषदेत उभा आडवा सोलला असता. स्वतःच्या तोंडातून निघालं तेव्हा ते त्यांना भक्तीसारखं वाटलं. खरं सांगायचं तर भक्ती थोडी होती आणि कुलूप लावताना पायऱ्यांवर जमलेली माणसं हात जोडतात, ते सुख जास्त होतं.

त्याच श्रावणात गुरुजींनी शाळेत येऊन मुलांना शिकवणीही दिली होती. सभागृहात सगळ्यांना ओळीनं उभं केलं, मागचं उघडं दार दाखवलं. “धूर दिसला तर बोळाकडे पळायचं नाही. बोळात बिजली आहे. मागच्या दारानं घाटावर. आणि दार कोण उघडणार?” पाचवीतल्या ईशानीनं हात वर केला. तिचा बिल्ला गुरुजींनी स्वतः टोचला. दारिद्र्याची पाठ आणि नारंगी बिल्ला या दोन गोष्टी एकाच सभागृहात नांदणार आहेत, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही. नांदतील असं त्यांनी धरूनच चाललं होतं.

चतुर्थीला कुलूप लावलं तेव्हा घाई होती. लखनौला समितीची बैठक होती, मोटार गल्ल्यांबाहेर मैदागिनच्या चौकात उभी होती. गुरुजी घरी न जाता घाटावरूनच निघाले. चावी जाकिटाच्या खिशात राहिली.

स्पर्धेच्या दुपारीही ते लखनौलाच समितीत बसले होते. विषय शाळांच्या सुरक्षेचा, अध्यक्ष तेच. बैठकीत फोनचा आवाज बंद ठेवायचा, हाही त्यांचाच दंडक. चहाला उठले आणि फोन काढायला खिशात हात घातला, तर बोटांना आधी चावी लागली. मग फोन. पडद्यावर लतिकाकाकूंचे फोन येऊन गेलेले, एकाखाली एक, पडदा भरून.

झालं होतं ते असं. बोळातला मीटर जळला, धूर आत आला. मोठी माणसं म्हणजे शहाणी, ती शिकवणीबिकवणी विसरली आणि तोंडाला पदर, रुमाल, जे हाताला लागलं ते लावून पोरांना ओढत बोळातूनच गल्लीत पळाली. खोकत, रडत, पण सगळी बाहेर पडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एकटी ईशानी तेवढी सांगितल्याप्रमाणे वागली. ती मखराच्या कनातीखालून आत शिरली, बाप्पाच्या पाठीमागं गेली, दाराची आतली कडी काढली आणि दार ढकलू लागली. पळापळीत कुणाच्या तरी पायात दिव्यांची माळ अडकली आणि मखराचा लोखंडी सांगाडा मागच्या बाजूला तिच्या अंगावर कोसळला, मूर्तीसकट.

शरदिनीताईंनी गल्लीत पोरं मोजली, एक कमी भरलं, आणि त्या पायातल्या चपला सोडून मुळ्यांच्या घरी धावल्या. लतिकाकाकूंनी तबक उलटं केलं. कुंकू सांडलं, अक्षता सांडल्या, चावी नव्हती. शेवटी घाटावरच्या मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, लोखंडी सब्बल घालून कुलूप तोडलं. ईशानीला शाळेच्या बाकावर निजवून गल्ल्यागल्ल्यांतून मैदागिनपर्यंत नेलं, कारण त्याअलीकडे ॲम्ब्युलन्स येऊ शकत नाही. खुबा मोडला होता, छातीत धूर भरला होता. जगली. त्या संध्याकाळी मोहल्ल्यात मूर्ती भंगली का, असं आधी विचारणारेही निघाले, आणि ते कोण हे गुरुजींना नावानिशी ठाऊक आहे.

गुरुजी काशीला पोचले तोवर शरदिनीताईंचं बयान देऊन झालं होतं. कुलूप मी लावलं, चावी माझ्याकडे होती, धावपळीत कुठं तरी पडली. दरोगानं लिहून घेतलं, त्यांनी खाली सही केली.

गुरुजी तसेच त्यांच्याकडे गेले. शरदिनीताई दोन खोल्यांत एकट्या राहतात. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

“हे काय केलंत ताई?”

“मार्चमध्ये मी रिटायरच होतेय. सस्पेंड केलं तर सहा महिने आधी घरी बसेन. पेन्शनीचं पाहून घेऊ.”

“मुकदमा होईल तुमच्यावर.”

“होऊ दे. गुरुजी, तुम्ही बसा आणि नीट ऐका. उद्या हे बाहेर आलं की दो दरवाजे वाले मास्टर साहबनंच ताला लावला होता, तर काय होईल? प्रत्येक शाळेचा मॅनेजर म्हणेल, जो नियम करतो तोच पाळत नाही, आम्ही का पाळू? जी दारं तुम्ही उघडलीत ती पुन्हा बंद होतील. एका ईशानीसाठी किती ईशानी घालवायच्या?”

शरदिनीताईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते खोटं नव्हतं याचं गुरुजींना बरं वाटलं. छातीवरचा धोंडा जरा सरकल्यासारखा वाटला. त्या बरं वाटण्याची लाज त्यांना तिथल्या तिथं वाटली, तरी ते उठताना “तुम्ही म्हणता तर…” असं काहीतरी पुटपुटले आणि जिना उतरले.

मग चौकशी नेमली गेली. चौकशी अधिकारी नवा, तरुण, गुरुजींना फार मानणारा. त्यानं फोन करून विचारलं, सर, आप एक्सपर्ट के तौर पर आइए, आपसे अच्छा कौन बताएगा. गुरुजी हो म्हणाले. म्हणजे आता त्यांनी तिथं जाऊन शरदिनीताईंची चूक सगळ्यांना समजावून सांगायची होती.

ते दिवस गुरुजींनी कसे काढले ते लतिकाकाकूच जाणोत. जेवायला बसायचे, भात कालवायचे आणि तसेच उठायचे. घाटाच्या बाजूनं जाणं त्यांनी सोडलं. रस्त्यात कुणी नमस्कार केला की तो आपल्याला नाही असं समजून पुढं जायचे. जाकीट खुंटीला होतं आणि चावी जाकिटात होती. ती काढून गंगेत टाकावी असं एकदा मनात आलं आणि आपल्या मनात हे आलं याचीच त्यांना भीती वाटली.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळी लतिकाकाकू देवपूजा करत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “अहो, मी कुणाला काही बोलले नाही. मला पुलिसनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, तबकात काय असतं मला काय ठाऊक. चाळीस साल त्या तबकाची पूजा करतेय मी.”

गुरुजी खुंटीवरच्या जाकिटाकडे बघत राहिले.

“शरदिनी माझ्याशी खोटं बोलली असती तर चाललं असतं. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी तिला बोलू दिलं. आता मला तिच्या गल्लीतून भाजी आणायला जाता येत नाही.” त्यांनी निरांजन लावलं. “ती मुलगी तुम्हाला विचारत होती. तिची आई, सुरेखा, सांगत होती. तुम्ही एकदाच गेलात आणि ती शुद्धीवर नसताना गेलात.”

हेही खरं होतं. शुद्धीवर नसलेल्या मुलीला बघायला जाणं सोपं असतं.

दवाखाना काशीतल्याच लंका मोहल्ल्याच्या बाजूला. गुरुजी ई-रिक्शानं गेले, मोटार घेतली नाही. ईशानीच्या पायाला वजन लावून तो ताणून ठेवला होता. उशाशी आई, सुरेखा, मोसंबी सोलत होती. ती गुरुजींना पाहून उठली, पदर सावरला आणि स्टूल पुढं केलं. या घराचं गुरुजींवर प्रेम होतं. ईशानीच्या वडिलांची रेल्वेतली बदली होऊन ही मंडळी नागपूरहून इथं आली, तेव्हा मराठी शाळा आहे म्हणूनच त्यांनी दुर्गाघाटाला खोली घेतली होती.

“बघ, कोण आलंय. आबा आले.”

ईशानीनं मान वळवली. धुरानं तिचा आवाज बसला होता, बोलली तरी फुंकर घातल्यासारखं ऐकू यायचं. स्पर्धेत ती अथर्वशीर्ष म्हणणार होती.

“आबा, मी बिल्ला लावला होता.”

“हो ना? शाबास.”

“सगळे बोळाकडे भागले. मी नाही भागले. तुम्ही सांगितलं होतं ना. मी मागं गेले, दाराची कुंडी पण खोलली. खूप धक्का दिला. उघडलंच नाही.” ती थांबली, खोकली. सुरेखानं पाणी पाजलं. “मग मी चुकले का? दुसऱ्या बाजूनं खोलायचं होतं का?”

“नाही बाळा. तू बरोबर केलंस.”

“मग का नाही उघडलं?”

सुरेखा म्हणाली, “पुन्हा तेच नको विचारूस, ईशू. आबांना त्रास होतो. दिवसभर हेच चालू असतं हो तिचं.”

पण ईशानीला ते तिथं सोडायचं नव्हतं. तिनं गुरुजींना बोटानं जवळ बोलावलं. गुरुजी वाकले.

“मला माहीत आहे का नाही उघडलं. मी बाप्पाची पाठ पाहिली.”

गुरुजी तसेच वाकून राहिले.

“मी मागं होते ना, म्हणून दिसली. पाठीला रंग पण नव्हता, नुसती माटी होती. मी डोळे बंद केले होते, पण मग कुंडी दिसेना, म्हणून खोलले. आमच्या वर्गातल्या वेदांतची आजी आली होती काल. ती म्हणत होती आईला, बाहेर, मला ऐकू आलं. पोरीनं पाठ पाहिली, बाप्पा नाराज झाला. त्याची मूर्ती पण माझ्यामुळं टूटली.” तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, कारण तिला उठून बसता येत नव्हतं. “आबा, तुम्ही बाप्पाला सांगाल का? तुमच्या घरचा आहे ना तो. मी मुद्दाम नाही पाहिली.”

गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ आईबापांच्या समोर बसून सांत्वन केलं होतं. शब्द तयार असत. पण या मुलीनं राज्यातल्या कुठल्याही मोठ्या माणसापेक्षा त्यांचा नियम नीट पाळला होता, आणि आता ती त्यांच्याच देवाची माफी मागत होती. सगळ्यांनी मिळून दोष असा वाटून घेतला होता, की शरदिनीताईंच्या वाट्याला नोकरी आली आणि या पोरीच्या वाट्याला देवाचा राग. ज्याचा दोष होता तो तेवढा स्टुलावर बसला होता आणि त्याच्यासाठी मोसंबं सोललं जात होतं.

“ईशानी,” ते म्हणाले, “बाप्पा नाराज नाही. पाठ पाहिली म्हणून काही झालं नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं.”

“कुलूप?”

“ताला. बाहेरून. तू कितीही धक्का दिला असतास तरी उघडलं नसतं. तुझ्या आबांनाही उघडलं नसतं.”

“कुणी लावला?”

सुरेखाचे हात मोसंबीवर थांबले. तिला वाटत होतं गुरुजी शरदिनीबाईंचं नाव घेणार.

“मी,” गुरुजी म्हणाले. “बाप्पाची पाठ दिसू नये म्हणून. ताईंनी मला सांगितलं होतं, लावू नका. मी ऐकलं नाही. चावीसाठी त्या स्वतः आमच्या घरी धावल्या, पण चावी घरी नव्हती. ती माझ्या खिशात होती, लखनौला.”

ईशानी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रागवायचं असतं हे अजून सुचलं नव्हतं. ती कोडं सुटल्यासारखी बघत होती.

“मग तुम्ही मला मागच्या दारानं जायला का सांगितलं?”

गुरुजी म्हणाले, “माझी चूक झाली, बाळा.” तीन शब्द, सरळ, आणि ते पुरेसे नाहीत हे म्हणतानाच त्यांना कळलं.

“चावी आहे?”

त्यांनी जाकिटात हात घालून चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. ईशानीनं ती डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली. तिनं दार अंगानं ढकललं होतं, हातांनी, डोक्यानंही. चावी तिच्या करंगळीएवढी होती.

“एवढीशी?” ती म्हणाली.

सुरेखानं मोसंब्याची ताटली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. “आबा, तुम्ही आता जा.” गुरुजी उठले. ती पुढं म्हणाली, “मी शरदिनीबाईंना फोनवर काय काय बोलले, ठाऊक आहे तुम्हाला? माझ्या पोरीला मारायला निघाल्या होत्या का, म्हटलं मी. त्या ऐकून घेत राहिल्या.”

गुरुजींनी चावीसाठी हात पुढं केला. उद्या चौकशीत दाखवायला ती लागणार होती. ईशानीनं मूठ मिटली आणि ती मूठ पांघरुणाखाली नेली. मागायचा धीर गुरुजींना झाला नाही. तसा हक्कही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचहरीत चौकशी अधिकाऱ्यानं गुरुजींना आपल्या शेजारची खुर्ची दिली. शरदिनीताई समोरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. गुरुजी शेजारच्या खुर्चीवर बसलेच नाहीत. ते गेले आणि शरदिनीताईंच्या बाकावर बसले. शरदिनीताईंनी ओळखलं. त्या दबक्या आवाजात, मराठीत म्हणाल्या, “गुरुजी, नका. शाळेचा विचार करा. बाकी शाळांचा करा.”

“त्यांचाच करतोय,” गुरुजी म्हणाले. “ताई, त्या पोरीला वाटतंय देवानं दार धरून ठेवलं होतं.”

मग ते उभे राहिले आणि हिंदीत, विधान परिषदेत बोलत तसं स्वच्छ, सगळं सांगितलं. श्रावणातला चहा सांगितला, आजोबांची रीत सांगितली, पायऱ्यांवर हात जोडणारी माणसं सांगितली. शरदिनीताईंचं बयान खोटं आहे आणि ते त्यांनी का दिलं हेही सांगितलं. मागं बसलेल्या दुर्गाघाटाच्या मंडळींत कुजबुज झाली. कुणीतरी उठून बाहेर गेलं. शरदिनीताई पिशवीच्या बंदांना गाठी मारत राहिल्या. त्यांचा चेहरा सुटल्यासारखा नव्हता, चिडल्यासारखा होता, आणि पुढं कितीतरी दिवस त्या गुरुजींशी बोलल्या नाहीत.

अधिकाऱ्याचं पेन थांबलं होतं. त्याला हे लिहायचं नव्हतं. “सर, आप सोच लीजिए,” तो म्हणाला. “आपने इतना काम किया है. ताला टूटा हुआ है, गवाह कोई है नहीं. ऐसे कहने से क्या साबित होगा?” त्यानं हळूच वाट ठेवली होती. पुढचा प्रश्नही त्याच वाटेवरचा होता. “चाबी है आपके पास?”

“नहीं.”

अधिकाऱ्याला हायसं वाटलेलं दिसलं. “तो फिर चाबी कहाँ है?”

“जिसे चाहिए थी, उसके पास है,” गुरुजी म्हणाले. “कल पहुँची. लिखिए.”